फ्लेक्सवरचं माहेर

तीन संस्था एकत्र आल्या की काम तिप्पट वेगाने होतं असं ज्याला वाटत असेल, त्याने एकदा जळगावच्या आमच्या ऑफिसात येऊन बसावं. तीन तिघाडा, काम बिघाडा ही म्हण कुणातरी बाईने अशाच मीटिंगमधून उठून घरी जाताना केली असणार. एक संस्था आमची, जळगावची. तिच्याकडे गावांची ओळख होती, एक जीप होती आणि माझ्यासारख्या उन्हात फिरणाऱ्या बाया होत्या. दुसरी मुंबईची. तिच्याकडे अक्कल होती, असं तीच सांगायची. तिसरं परदेशातलं एक विद्यापीठ. ते भिंतीवरच्या पडद्यावर यायचं, मध्येच त्याचा आवाज अडकायचा, आणि काहीही ऐकू आलं नाही तरी आमचे सर मान डोलवायचे.

तिघांनी मिळून शोधायचं होतं ते एवढंच: खानदेशातली काही घरं लहान मुलांना लस का देत नाहीत, त्यांच्या मनात काय आहे. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. पण टपरीवर सांगितल्या तर त्या गप्पा, आणि टॅबमध्ये भरल्या तर संशोधन. मी धुळ्याची. तोंडाची फटकळ, हे मला लग्नाआधीपासून ऐकवलं गेलेलं आहे. अहिराणी माझ्या घरची भाषा, म्हणून मला या कामावर घेतलं. मुंबईच्या मॅडम म्हणायच्या, "ताई, तुम्ही आमचा पूल आहात." पुलावरून सगळे जातात, पुलाला कुणी काही विचारत नाही, हे मला पुढे कळलं.

नियम मोठे कडक होते. नाव लिहायचं नाही. उत्तर सुचवायचं नाही. लस चांगली की वाईट यावर आपण तोंड उघडायचं नाही. समोरची म्हणाली की सुईने पोरं मरतात, तर "अच्छा" म्हणायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. आयुष्यात मी एवढ्या वेळा "अच्छा" म्हटलं नव्हतं. नवऱ्याने ऐकलं असतं तर देवापुढे नारळ फोडला असता.

आणि एक रकाना होता, माहेरच्या गावाचा. हे मॅडमचं डोकं. पहिल्याच मुलाखतींत त्यांच्या लक्षात आलं होतं की सासरी विरोध असेल तर बाया माहेरी जाऊन लेकराला लस देऊन आणतात. हा शोध मॅडमना इतका आवडला की त्यांनी तो रकाना सक्तीचा करून टाकला. माहेरचं गाव भरल्याशिवाय टॅब पुढे सरकायचाच नाही.

मला शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या अंगाचं एक गाव मिळालं. कापसाचं गाव. घरं थोडी आणि कान फार. तिथल्या एका घरातल्या सुनेशी मला बोलायचं होतं. तिचा मुलगा सव्वा-दीड वर्षाचा, नुकता पाय टाकायला लागलेला. नवरा सुरतला कापडाच्या मिलमध्ये, सणावाराला येणारा. घर चालवायची ती सासू. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणाले.

अक्काने मला खाट दिली, चहा दिला, आणि सून काही दिसू दिली नाही. "मले इचार," म्हणाली, "घर मनं शे." घर तिचं, आणि त्या घरात सुई चालत नव्हती. जन्मतानाची एक सुई दवाखान्यातल्या लोकांनी न विचारता टोचली होती, तिचा डाग पोराच्या दंडावर होता, आणि त्या डागावरून अक्का त्या दवाखान्याला अजून शिव्या घालत होती. कारण असं की अक्काच्या मुलीची मुलगी लस दिल्यावर आठवड्याभरात वारली. डॉक्टर म्हणाले होते की न्यूमोनिया होता, छाती आधीच भरली होती, आणायला उशीर झाला. अक्काच्या हिशेबी सुई दिली आणि पोर गेली, मधलं काही नाही. लस द्यायला या म्हणून सांगायला गावातली आशाताई आली, तर अक्काने तिला केरसुणी घेऊन पार वेशीपर्यंत पिटाळलं होतं. हे ती मला हसत हसत सांगत होती आणि मांडीवरच्या नातवाच्या टाळूवर तेल थापत होती.

मी दात आवळून "अच्छा" म्हटलं. तिचं दुःख खोटं नव्हतं, ते मला दिसत होतं. पण दुःख झालं म्हणजे माणूस चांगलं होतं असं काही नाही. काही जण त्या दुःखाची काठी करतात आणि ती जन्मभर दुसऱ्याच्या पाठीत घालतात. अक्का त्यातली.

सून मला दुसऱ्या दिवशी भेटली, शेतात. कापूस वेचणी चालू होती. कमरेला ओटी बांधलेली, पोर बांधावर झाडाखाली झोळीत. सासू गावात कुणाकडे तरी बसायला गेली होती, म्हणून तिला तोंड उघडायची सवड. मी तिच्या शेजारच्या सरीत शिरले आणि वेचता वेचताच विचारायला लागले. कापूस वेचणारी बाई हात थांबवत नाही, आणि हात चालू असले की तोंडही मोकळं होतं, हे मला ठाऊक होतं. मॅडमना हे सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही एक रकाना केला असता.

आधी तिने सासूचीच उत्तरं दिली. मग म्हणाली, "ताई, हाई घरमा जाई का?"

मी म्हटलं, "मेले तरी जाणार नाही. तुझं नावसुद्धा लिहीत नाही मी."

ती हसली. "मनं नाव लिखी टाक खुशाल. आठे कोन्हले माहीत शे?"

खरंच होतं ते. आमच्याकडे सून घरात आली की तिचं नाव उंबऱ्याबाहेरच राहतं. तिला हाक मारायची ती माहेराच्या गावाने. ही नरडाण्याची, म्हणून नरडाणावाली. रेशनच्या दुकानात नरडाणावाली, पाण्याच्या टाकीवर नरडाणावाली, शेजारची लहान पोरंही नरडाणावाली काकू म्हणायची. लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलं तिचं नाव गावाने त्या दिवशी वाचलं असेल तेवढंच.

मग तिने सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सुरुवातीच्या सगळ्या सुया नरडाण्यालाच झाल्या. तिच्या आईनेच नेलं. गोवराची सुई नवव्या महिन्यानंतर, ती तिने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला दिली. आखाजीला खानदेशातली सासुरवाशीण माहेरी जाते म्हणजे जातेच, तिथे कुठल्या सासूचं काही चालत नाही. बाकीच्या पोरी झाडाला झोके बांधत होत्या आणि ही लेकराला पदराखाली घेऊन दवाखान्यात रांगेला उभी. पोराला ताप आला तो माहेरीच आला आणि माहेरीच उतरला. परत आली तेव्हा अक्काने पोराला उघडं करून तपासलं, काही सापडलं नाही. आता संक्रांतीला पुढची सुई द्यायची होती.

"तुला भीती नाही वाटली?" मी विचारलं. हा प्रश्न टॅबमध्ये नव्हता, माझा होता.

"सुईनी नही," ती म्हणाली. "घरमा समजनं ते मले काढी देतीन, आन पोऱ्या ठी लेतीन." तिला काढतील आणि पोराला ठेवून घेतील. हे ती कापसाचं बोंड सोलत अगदी सहज म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या घराण्यात आधी एकीचं तसं झालेलं होतं.

घरी येऊन मी सगळं उतरवून काढलं. माहेराच्या रकान्याशी टॅब अडला. मी नरडाणा भरलं, आणि खाली शेऱ्यात स्पष्ट लिहिलं की हे गाव बाहेर येऊ देऊ नका, या बाईला सगळे याच नावाने ओळखतात. लिहून झाल्यावर मॅडमना फोन करूनही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, किती बारकाईने काम करता तुम्ही!" कौतुक झालं की समजावं, आपलं म्हणणं केरात गेलं.

पुढे परदेशातल्या पाहुण्यांचा एक आग्रह निघाला. लोकांकडून माहिती घ्यायची आणि निघून जायचं हे वाईट, जे कळलं ते लोकांना परत दिलं पाहिजे. विचार चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण चांगला विचार आमच्या ऑफिसात आला की त्याचा फ्लेक्स होतो. गावागावात ग्रामपंचायतीत कार्यक्रम घ्यायचा, आणि त्या गावातल्या आयांनी काय सांगितलं ती वाक्यं मोठ्या अक्षरात टांगायची. नाव कुणाचंच नाही. फक्त खाली बारीक अक्षरात, माता, आणि तिचं माहेर. कारण मॅडमचा शोध तोच होता ना, माहेराचा! तो नको का दिसायला?

फ्लेक्सचा नमुना माझ्या मोबाईलवर आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. वरून तिसरं वाक्य: "सासरी सांगितलं नाही, माहेरी जाऊन सगळ्या लसी दिल्या." खाली: माता, माहेर नरडाणा. मी तशीच पिठाच्या हाताने मॅडमना फोन लावला.

"अहो, हे काय केलंत? हे तिचं नावच आहे!"

"नाव कुठे आहे ताई? नाव आपण काढलंय."

मी समजावलं. त्या गावात नरडाण्याची सून एकच. मॅडम म्हणाल्या, मजकूर परदेशातल्या समितीने तपासून पास केलाय, आता बदलायचा तर पुन्हा समितीकडे जावं लागेल, तुम्ही तुमच्या सरांशी बोला. मी सरांशी बोलले. सर म्हणाले, मजकूर मुंबईचा, आपलं काम फक्त टांगायचं. परदेशातल्या पाहुण्यांना मी फोन करू शकत नव्हते, नाहीतर त्यांनाही ऐकवलं असतं. मुंबईकरांचं एक वेळ मी समजू शकते, त्यांना काय कळणार आमच्याकडच्या हाका. पण सर? सर फैजपूरकडचे. त्यांच्या सख्ख्या आईला गल्लीत अजूनही माहेराच्या गावाने हाक मारतात, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. तेच मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "ताई, आता छापून झालंय. आणि वाचतंय कोण?"

वाचतंय कोण! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

कार्यक्रमाच्या दिवशी मी कात्री घेऊन गेले होते. पिशवीत होती, खोटं कशाला सांगू. ती पट्टी तेवढी कापून टाकायची असं ठरवलं होतं. पण सर आणि मॅडम जीपने आधीच पोचले होते आणि फ्लेक्स ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगून तयार होता. समोर बाया सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर. अक्का पहिल्या रांगेत, आणि तिच्या मागे सून, पोर मांडीवर. मी तिला डोळ्यांनी उठ म्हणून खुणावलं. तिला वाटलं मी ओळख देतेय. ती माझ्याकडे बघून हसली.

सर म्हणाले होते वाचतंय कोण, आणि त्याच सरांनी सरपंचाला सांगितलं की सगळ्यांना वाचता येत नाही, तर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. सरपंचाला माईक मिळाला की तो पानमसाल्याच्या पुडीवरचंही वाचेल. त्याने पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसरं वाचताना शेवटपर्यंत वाचून गेला. "माता, माहेर नरडाणा." मग स्वतःच थांबला.

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मॅडम पुढचं वाक्य वाचा म्हणून हसतमुखाने वाट बघत होत्या. अक्का उठली. मागे वळली. सुनेच्या मांडीवरून पोर उचललं आणि चालत निघून गेली. सून तशीच बसून राहिली, मांडी तशीच घातलेली.

मॅडमनी मला हळूच विचारलं, "त्या आजी का गेल्या? काही खटकलं का त्यांना?"

मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

त्याच दिवशी सुनेला माहेरी पाठवलं. पोर ठेवून घेतलं. सुरतहून नवरा आला, दोन दिवस आईचं ऐकलं, आणि बायकोला फोनवर म्हणाला, "आई म्हणेल तसं." म्हणाला म्हणजे काय, तो जन्मापासून दुसरं काही म्हणालाच नव्हता. नरडाण्याहून तिचा भाऊ जाऊन पाया पडून आला. शेवटी भाऊबंदकीतल्या थोरल्या नानांनी मध्ये पडून बैठक ठरवली. अक्काची अट एकच. सुनेने मारुतीच्या पारावर यायचं, पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सांगायचं की जन्मतानाची सोडून याला एकही सुई दिली नाही. सांगितलं की पोर तिचं, घर तिचं. नाही सांगितलं तर तिने पुन्हा गावाची वेस बघायची नाही.

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ते लेकरू जगत नाही, असं आमच्याकडे मानतात. शिकलेलेही मानतात, फक्त कबूल करत नाहीत. अक्काने बरोबर तोच खिळा निवडला होता.

मी तिघांकडे भीक मागितली, परदेशात मॅडममार्फत. मी म्हटलं, एवढंच सांगा की फ्लेक्स चुकला, ते वाक्य दुसऱ्या तालुक्यातल्या बाईचं, इथे चुकून लागलं. संस्थेने सांगितलं तर गाव ऐकेल, शपथेपर्यंत गोष्ट जाणार नाही. मॅडम म्हणाल्या, आपण खोटं कसं सांगणार, सगळा अभ्यासच संशयात येईल. परदेशातून निरोप आला की त्यांना फार वाईट वाटलं आहे, आणि ही घटना अनपेक्षित परिणाम या सदरात नोंदवावी. सर म्हणाले, "तुम्ही तर मुळीच जाऊ नका. संस्थेचं नाव येईल." मी म्हटलं, "येऊ द्या की सर, खाली बारीक अक्षरात माहेरही छापू." आणि फोन ठेवला.

मी गेले. धुळ्याहून शिरपूरची एसटी, तिथून काळी-पिवळी जीप. पारावर निम्मं गाव जमलं होतं. नाना मध्ये बसलेले, अक्का त्यांच्या उजव्या हाताला, पोर तिच्या मांडीवर घट्ट धरलेलं. नवरा मागे उभा, मोबाईल बघत. सून आणि तिचा भाऊ खाली, उन्हात. पोराने आईला बघितलं आणि हात पुढे करून असं काही रडायला लागलं की बघवेना. अक्काने सोडलं नाही.

नानांनी मला विचारलं, "तू कोण व ताई?"

मी उभी राहिले आणि खोटं बोलले. छान, ठणठणीत, एकही शब्द न अडखळता. म्हटलं, नाना, मुलाखत घेतली ती मी. ते वाक्य या बाईचं नाहीच. ते चोपडा तालुक्यातल्या एकीचं, तिचंही माहेर नरडाण्याचं. टॅबमध्ये गाव निवडताना माझं बोट चुकलं. ही बिचारी मला शेतात भेटली तेव्हा सासूचं म्हणणं तेच माझं, असं म्हणाली. चूक माझी आहे, मला काय बोलायचं ते बोला.

मग नानाच हसले. म्हणाले, या टॅबवाल्यांचं काही सांगू नका, मागे पीकपाहणीला आले ते माझ्या कापसाला केळी लिहून गेले होते. सगळा पार हसला. एक म्हातारा म्हणाला, त्याला तर त्यांनी कागदावर मारूनच टाकलं होतं. अजून हसले. सुनेच्या भावाचा चेहरा उजळला. मी अक्काकडे बघत होते. ती हसली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. मला वाटतं, तिलाही ते खरं असायला हवं होतं. सून गेल्यापासून पोर रात्रंदिवस किरकिर करत होतं, आणि तिचंही वय झालं होतं.

"बरं," ती म्हणाली. "ताई म्हनस ते खरं व्हई. मंग तिनी हात ठेवाले काय हरकत शे?" मग सुनेकडे बघून, आवाज बराच मऊ करून म्हणाली, "ये. हात ठेव, सांग, आन पोऱ्या ले. घरमा सैपाक पडेल शे."

एवढंच उरलं होतं. सून पुढे आली. अक्काने पोर जरासं सैल सोडलं. तिने हात उचलला. पोराला वाटलं आई घ्यायला आली, ते रडता रडता हसलं आणि तिच्या हाताला लोंबकळून बांगड्या ओढायला लागलं. तिचा हात त्याच्या डोक्यापासून वीतभरावर थांबला. मी मनात म्हणत होते, ठेव. अगं बाई, ठेव. मग मी मनात म्हणायचं सोडून तोंडाने म्हणाले, "ठेव ना गं!"

तिने हात मागे घेतला. दोन्ही हात पदरात गुंडाळले, चुकून लागायला नको म्हणून.

"दिन्ह्या," ती म्हणाली. "बठ्ठ्या, सगळ्या सुया दिन्ह्या. आखाजीले बी दिन्ही. ताई खोटं बोलनी."

अक्का नानांकडे वळली. "देखं?" एवढंच म्हणाली. मग उठली, पोराला खांद्यावर टाकलं आणि घराकडे निघाली. पोर तिच्या पाठीवरून आईकडे हात करून किंचाळत होतं, कोपरा वळेपर्यंत दिसलं, नंतर नुसतं ऐकू आलं. मग दार लावल्याचा आवाज आला. नवऱ्याने मोबाईल खिशात घातला आणि मेहुण्याला म्हणाला, "घेऊन जा तिला." त्याच्या आवाजात राग नव्हता. कंटाळा होता.

नाना मला म्हणाले, "आन तू ताई, मारुतीनासमोर खोटं बोलनी." लोक माझ्याकडे बघत उठले. मघाशी हसले तेच.

भाऊ मोटरसायकलवर आला होता. तिला एकट्याने मागे बसवून न्यायला तो धजेना, ती वाटेत उडी मारेल असं त्याला वाटत होतं. म्हणून ती माझ्याबरोबर आली, काळी-पिवळीने शिरपूरला आणि तिथून धुळ्याच्या एसटीने. तिला नरडाणा फाट्यावर उतरायचं होतं. शिरपूरच्या स्टँडवर मॅडमचा मेसेज आला: आजच्या बैठकीचं रेकॉर्डिंग करता आलं का? पुढच्या अभ्यासासाठी फार मोलाचं ठरेल. मी मोबाईल बंद करून टाकला.

एसटीत मी तिच्यावर तुटून पडले. दया करायची सोडून भांडायला लागले, माझा स्वभावच तो. म्हटलं, एक गोष्ट पुऱ्या गावाने मानली होती. नानांनी मानली होती. तुझ्या त्या कैदाशिणीनेसुद्धा मानली होती. पोर तुझ्या हाताला लोंबकळत होतं गं! एक हात ठेवायचा, एक वाक्य बोलायचं, आणि संक्रांतीला माहेरी येऊन पुढची सुई द्यायची. आता कोण देणार त्याला ती? अक्का देणार? मी एका वकिलाला विचारलं, तो म्हणतो कायद्याने एवढं लहान पोर आईकडेच, पण कायदा शिरपूरपर्यंत येतो, पुढची काळी-पिवळी त्याला मिळत नाही. तू एवढी शहाणी, सासूच्या नाकावर टिच्चून पोराला दवाखान्यात नेणारी, आणि शपथेला घाबरलीस? डोक्यावर हात ठेवल्याने पोर मरतं होय? कुणी सांगितलं तुला?

पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले. ती खिडकीला टेकून बसली होती. तिने मला पूर्ण बोलू दिलं. रडत नव्हती. फाटा जवळ आला, कंडक्टरने बेल मारली, ती उठली आणि वरच्या दांड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, रागाने नाही, खरंच विचारावं तसं:

"ताई, गोवरनी सुई मी त्याले दिन्ही शे. खोटी शपथनी सुई कोठे भेटस?"